पीडीएफमधलं मराठी कॉपी केलं की त्याचं ‘इंग्रजी’ का होतं?

सरकारी परिपत्रकाची पीडीएफ उघडली. स्क्रीनवर स्वच्छ, सुवाच्य मराठी. त्यातल्या महत्त्वाच्या दोन ओळी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या म्हणून कॉपी केल्या आणि पेस्ट केल्यावर उमटली इंग्रजी अक्षरांची खिचडी. मग ग्रुपवर निदानं सुरू होतात. कुणी म्हणतं फाइल करप्ट आहे, कुणी म्हणतं व्हायरस, कुणी फोनला दोष देतं. ‘मराठी कंप्युटरला झेपतच नाही’ हे मत तर ठरलेलंच.

यातलं एकही खरं नाही. फाइल धडधाकट असते. त्या फाइलमध्ये बहुतेक वेळा मराठी अक्षरं मुळात साठवलेलीच नसतात. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, आणि त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. कॉपी करताना मुखवटा मागे राहतो.

मुखवटा कसा चढतो?

कंप्युटरला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. इंग्रजीतला कॅपिटल ‘ए’ म्हणजे ६५, लहान ‘ई’ म्हणजे १०१. हा क्रमांक स्क्रीनवर कसा दिसावा हे फॉन्ट ठरवतो. फॉन्ट म्हणजे क्रमांकवार लावलेली चित्रांची पेटी. आता १०१ क्रमांकाच्या खणातलं ‘ई’चं चित्र काढून तिथे ‘म’चं चित्र ठेवलं, तर ‘ई’ची कळ दाबल्यावर ‘म’ दिसेल. कंप्युटर मात्र अजूनही १०१, म्हणजे ‘ई’च साठवत असतो.

कृतिदेव हा फॉन्ट नेमकं हेच करतो. कृतिदेवात ‘मराठी’ हा शब्द टाइप करायला ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच या कळा दाबाव्या लागतात. म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. तोच मजकूर कृतिदेव नसलेल्या फोनवर गेला, की ही पाच इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. अशा मजकुरात अधूनमधून पाव आणि अर्धा या अपूर्णांकांची चिन्हं दिसली, तर तो कृतिदेवच असल्याची दाट शक्यता. या फॉन्टमध्ये उघडणारा कंस ‘पाव’च्या खणात आणि बंद होणारा कंस ‘अर्ध्या’च्या खणात ठेवलेला आहे.

हा उद्योग कुणी आळसापोटी केला नव्हता. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये एकूण २५६ खण, आणि त्यातले बरेच कंप्युटरच्या स्वतःच्या कामाला राखीव. उरलेल्या जागेत व्यंजनं, अर्धी व्यंजनं, काना-मात्रा, रफार, क्ष-ज्ञ-त्र-श्र आणि जोडाक्षरं बसवायची होती. १९९०च्या दशकात छापखान्यांमध्ये कंप्युटरवर पानं लावायला सुरुवात झाली, तेव्हा मराठी मजकूर लावण्याचा हाच चालणारा मार्ग होता. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकं, दैनिकं, सगळं त्यातून छापून निघालं आणि कागदावर ते उत्तम दिसलं. कागदाला क्रमांकाशी घेणंदेणं नसतं.

अडचण अशी, की प्रत्येक कंपनीने खण आपापल्या मर्जीने भरले. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, प्रत्येकाची मांडणी निराळी. एका फॉन्टमधला ‘म’ दुसऱ्यात भलतंच काही. लेखकाने एका फॉन्टमध्ये पाठवलेला लेख संपादकाने दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला, की पुन्हा टायपिंग करायची वेळ. मराठीतला मजकूर अशा वेगवेगळ्या कुलपांत बंद झाला, आणि प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळ्या विक्रेत्याकडे.

प्रमाण पद्धत नव्हती का?

होती, हीच यातली चुटपुट लावणारी गोष्ट. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ नावाचं प्रमाण ठरवलं होतं. भारतीय लिप्यांसाठी एकच क्रमांकपद्धत, म्हणजे मराठीतला ‘क’ आणि गुजराती-बंगालीतला ‘क’ यांना एकच क्रमांक. पुण्याच्या सी-डॅकने त्यावर चालणारी जिस्ट कार्डं आणि सॉफ्टवेअर बाजारात आणलं. पण पानं लावणाऱ्या छापखान्यांना हवे होते पेजमेकर आणि कोरलड्रॉमध्ये चालणारे देखणे फॉन्ट. ते मुखवट्याच्या फॉन्टनी दिले, आणि प्रमाण बाजूला राहिलं.

त्याच १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक द्यायचा, ही त्यामागची कल्पना. देवनागरीला पहिल्याच आवृत्तीत जागा मिळाली आणि तिची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरून घेतली गेली. युनिकोडमध्ये ‘म’ म्हणजे २३५०. पुण्यात, दुबईत, न्यू जर्सीत, कोणत्याही फॉन्टमध्ये २३५०च.

म्हणजे तोडगा १९९१ मध्येच कागदावर होता. तो लोकांच्या टेबलावर यायला मात्र दशक-दीड दशक गेलं. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, सोबत ‘मंगल’ हा फॉन्ट. तो सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. पुढे विंडोज एक्सपीमध्येही सोय होती, पण ती आधी चालू करावी लागे आणि त्यासाठी अनेकदा विंडोजची सीडी मागितली जाई. सायबर कॅफेत ती कोण देणार? सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर मराठीच्या जागी रिकामे चौकोन दिसत.

मग लोक रोमन लिपीत का लिहू लागले?

‘आजकालच्या मुलांना देवनागरी नकोच असते’ हे समाजमाध्यमांवरचं लोकप्रिय मत. त्यात थोडं तथ्य असेलही, पण या सवयीमागे एक साधा हिशेबही होता. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावतात. त्यात देवनागरीचं एक जरी अक्षर आलं, तरी मर्यादा थेट ७० वर येते. आणि इथे अक्षर म्हणजे मराठी माणूस मोजतो ते अक्षर नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द उच्चारात चार अक्षरांचा, मोबाइलच्या हिशेबात पंधराचा. असे चार शब्द लिहिले की एसएमएस संपत आला. प्रत्येक मेसेजला पैसे पडत होते त्या काळात ‘कसा आहेस’ रोमनमध्ये लिहिणं हा भाषेचा अपमान नव्हता, काटकसर होती. नंतर इंटरनेटवरच्या मेसेजनी ही मर्यादा संपवली, तोवर बोटांना वळण लागून गेलं होतं.

दिसायला सारखं, शोधायला वेगळं

युनिकोड आल्यावर सगळे प्रश्न मिटले असंही नाही. मराठीच्या काही खास गरजा त्यात उशिरा पोहोचल्या. ‘ॲप’ मधला ‘ॲ’ घ्या. या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र जोडून काम भागवत, कधी मधे न दिसणारी जोडखूण घालून, कधी न घालता. तिन्ही रूपं डोळ्यांना जवळपास सारखी, पण कंप्युटरला तीन वेगळे शब्द. शोधताना एका प्रकारचा ‘ॲ’ टाकला आणि लेखात दुसऱ्या प्रकारचा असला, तर साध्या शोधात तो लेख सापडत नाही. ‘ॲडव्होकेट’ किंवा ‘ॲना’ असं नाव दोन याद्यांमध्ये जुळत नसेल, तर कारण हेही असू शकतं.

दुसरी गंमत ‘र’ची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यास’ दक्षिणा द्यायची की ‘आचाऱ्यास’, हे त्या एका रेघेवर ठरतं. हिंदीला हा भेद लागत नाही, मराठीला लागतो. युनिकोडमध्ये तो दाखवण्यासाठी खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरतात, जो मुळात द्राविडी भाषांमधला वेगळा ‘र’ लिहिण्यासाठी ठेवलेला होता. मराठीतल्या दऱ्या अशा पाहुण्या अक्षरावर उभ्या आहेत.

‘ल’ आणि ‘श’चा वाद मात्र वेगळ्या जातीचा. मराठीचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ फोनवर दिसत नाही, हिंदी वळणाचाच दिसतो, म्हणून अनेक जण युनिकोडवर चिडतात. पण दोन्ही वळणांचा क्रमांक एकच आहे. कोणतं वळण दाखवायचं हे फॉन्टचं काम, त्यामुळे राग काढायचाच तर फॉन्टवर काढावा.

एवढं बिघडतं तरी काय?

छापील कागद वाचणाऱ्याचं काहीच बिघडत नाही. बिघडतं ते शोधणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं.

दृष्टिहीन व्यक्ती कंप्युटर वापरते ती स्क्रीन रीडरच्या आधाराने. हे सॉफ्टवेअर समोरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतं, पण ते क्रमांक वाचतं, चित्र नाही. कृतिदेवातल्या ‘मराठी’ शब्दावर ते ‘ई जे के बी एच’ असलं काहीतरी बडबडतं. एखाद्या योजनेचे निकष किंवा नोकरीची जाहिरात अशा पीडीएफमध्ये असली, तर डोळस माणसासाठी ती प्रसिद्ध झालेली असते आणि दृष्टिहीनासाठी झालेलीच नसते.

शोधयंत्रांचंही तसंच. जुन्या फॉन्टमध्ये असलेले प्रबंध, अंक, अहवाल इंटरनेटवर असून नसल्यासारखे. त्यात मराठी शब्द शोधला तर सापडणार कसा, तिथे मराठी नाहीच. भाषांतर करणारी सॉफ्टवेअर आणि आताची एआय मॉडेल इंटरनेटवरच्या मजकुरातून भाषा शिकतात. त्यांच्या चाळणीला हा मजकूर इंग्रजीही वाटत नाही आणि मराठीही, निव्वळ कचरा वाटतो. ‘एआयला मराठी नीट येत नाही’ अशी तक्रार करताना मराठीने आपला किती मजकूर त्याला वाचता येईल अशा रूपात ठेवला आहे, हेही पाहायला हवं.

अजूनही जुने फॉन्ट का चालतात?

सवय हे मोठं कारण. टायपिंग संस्थांमध्ये टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर हात बसलेले हजारो लोक आहेत आणि त्यांचा वेग थक्क करणारा असतो. ‘युनिकोड म्हणजे टायपिंग नव्याने शिकणं’ असा समज त्यांच्यात पसरला. तो चुकीचा आहे. कीबोर्डची मांडणी वेगळी आणि फॉन्ट वेगळा. युनिकोडमध्येही रेमिंग्टन मांडणी मिळते. कळा त्याच, साठवले जाणारे क्रमांक फक्त खरे.

‘युनिकोडमध्ये चांगले फॉन्ट नाहीत’ ही तक्रार एके काळी रास्त होती, आज ती जुनी झाली. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’, राज्य मराठी विकास संस्थेचे ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’, असे फॉन्ट विनामूल्य मिळतात. मात्र पेजमेकरसारखं जुनं सॉफ्टवेअर देवनागरी युनिकोड हाताळू शकत नाही, आणि छोट्या छापखान्याला सॉफ्टवेअर, कंप्युटर आणि कामाची पद्धत एकदम बदलणं परवडत नाही. ही अडचण खरी आहे.

जुना मजकूर सोडवायचा कसा?

आधी फॉन्ट ओळखावा. कंप्युटरवर पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी दिसते. नाव कळलं की त्या फॉन्टचं युनिकोड रूपांतर करणारं कन्व्हर्टर वापरायचं. अशी विनामूल्य साधनं इंटरनेटवर बरीच आहेत. गोपनीय कागद मात्र अनोळखी वेबसाइटवर टाकू नये.

रूपांतर म्हणजे नुसती अक्षरांची अदलाबदल नसते. जुन्या फॉन्टमध्ये जसं दिसतं तसं टाइप करतात, युनिकोडमध्ये जसं उच्चारतात तसं साठवतात. ‘मार्मिक’ शब्दात जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दुसऱ्या ‘म’च्या आधी येते आणि रफार त्याच्या नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलट, आधी र, मग म, मग वेलांटी. कन्व्हर्टर चुकतं ते बहुतेक वेळा इथेच. म्हणून रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांट्या, रफार, कंस आणि आकडे डोळ्यांखालून घालावेत. रक्कम किंवा तारीख असलेला मजकूर तर मूळ पीडीएफ शेजारी ठेवूनच तपासावा.

कधीकधी पीडीएफ युनिकोडमध्येच बनलेली असते, तरी कॉपी केल्यावर वेलांट्या उडतात, जोडाक्षरं फुटतात. पीडीएफ मूळ अक्षरांपेक्षा त्यांची पानावरची चित्रं जपते, आणि कोणतं चित्र म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता फाइलमध्ये अपुरा असला की असं होतं. यावर कन्व्हर्टर चालत नाही. अशा वेळी पानाचा फोटो काढून गूगल लेन्ससारख्या साधनाने त्यातली अक्षरं वाचून घेणं जास्त सोपं. जास्त पानं असतील तर टेसरॅक्ट हे विनामूल्य सॉफ्टवेअर मराठी ओळखतं. स्वच्छ छपाईवर निकाल बरा येतो, जुन्या पिवळ्या अंकांवर ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ होऊ शकतो.