बुरशीच्या घरातला बिऱ्हाडकरू

पावसाळ्यात रावेर-यावलकडच्या केळीबागांत हिंडले, तर पानांवर लहान पिवळसर ठिपके दिसतात. ठिपके वाढतात, एकमेकांत मिसळतात आणि पान वाळू लागते. शेतकरी याला 'करपा' म्हणतात. पुस्तकातले नाव सिगाटोका. हा रोग बुरशीमुळे होतो, म्हणून बुरशीनाशक फवारतात. पण "औषध पूर्वी लागू पडायचं, आता पडत नाही," ही तक्रारही खेड्यातल्या शिक्षकाला नवी नाही.

औषध निकामी का होते? एका महत्त्वाच्या औषधगटापुरते याचे उत्तर बुरशीच्या केंद्रकात नसून तिच्या तंतुकणिकांमध्ये आहे. ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पाव फुगविणारे यीस्ट ही एकपेशीय बुरशीच. १९४९ मध्ये पॅरिस येथे बोरिस एफ्रुसी यांना यीस्टच्या काही वसाहती खुरट्या राहतात असे आढळले. या पेशींना ऑक्सिजन वापरून श्वसन करता येत नव्हते. साखर आंबवून त्या कशाबशा जगत होत्या. खुरट्या यीस्टचा नेहमीच्या यीस्टशी संकर केला, तर मेंडेलच्या नियमाप्रमाणे संततीत निम्म्या पेशी तरी खुरट्या निघायला हव्या होत्या. प्रत्यक्षात एकही निघेना! म्हणजे हा गुण केंद्रकाबाहेरच्या कशावर तरी अवलंबून होता. पुढे १९६४ मध्ये व्हिएन्ना येथे शाट्झ, हासल्ब्रुनर व टप्पी यांनी यीस्टच्या तंतुकणिकांमध्ये स्वतःचा डीएनए असल्याचे दाखविले.

हा डीएनए तेथे आला कसा? तंतुकणिका मूळच्या स्वतंत्र जीवाणू. दीड अब्ज वर्षांहूनही पूर्वी त्या दुसऱ्या पेशीत शिरल्या आणि तेथेच राहिल्या. काळाच्या ओघात त्यांची बहुतेक जनुके केंद्रकात गेली किंवा नाहीशी झाली. माणसाच्या तंतुकणिकेत आज प्रथिने घडविणारी फक्त १३ जनुके उरली आहेत. बुरशींमध्येही साधारण तेवढीच, यीस्टमध्ये त्याहून कमी.

जनुके इतकी थोडी, तर डीएनएची लांबीही सारखीच असेल, असे आपल्याला वाटते. माणसाच्या तंतुकणिकेतला डीएनए १९८१ मध्ये संपूर्ण वाचला गेला. त्यात १६,५६९ अक्षरे आहेत. (अक्षर म्हणजे डीएनएच्या शिडीची एक पायरी.) आफ्रिकेतील 'पोंबे' नावाच्या बीअरमध्ये सापडलेल्या यीस्टमध्ये अशी सुमारे १९ हजार अक्षरे आहेत. पावाच्या यीस्टमध्ये मात्र सुमारे ८६ हजार, बाजारात मिळणाऱ्या बटन अळिंबीत सुमारे १ लाख ३५ हजार, आणि भात-बटाट्यावर रोग पाडणाऱ्या रायझोक्टोनिया बुरशीच्या एका वाणात तर २ लाख ३५ हजार! जनुकांची संख्या जवळपास तीच, मग घर एवढे मोठे कशाने झाले?

काही अंशी जनुकांमधल्या मोकळ्या जागांमुळे, आणि बरेचसे 'इंट्रॉन'मुळे. इंट्रॉन म्हणजे जनुकाच्या मधोमध बसलेला, त्या जनुकाच्या प्रथिनाशी संबंध नसलेला तुकडा. जनुकाची आरएनए नक्कल तयार झाली की इंट्रॉन तिच्यातून कापला जातो आणि दोन्हीकडची टोके जोडली जातात. बटन अळिंबीच्या एकाच जनुकात असे १९ इंट्रॉन आहेत. ते एक जनुकच सुमारे ३० हजार अक्षरांचे, म्हणजे माणसाच्या तंतुकणिकेतील सगळ्या डीएनएपेक्षा लांब आहे.

हे बिऱ्हाडकरू घरात शिरतात कसे? याचा उलगडा पुन्हा यीस्टनेच केला. एका जनुकात 'ओमेगा' नावाचा इंट्रॉन असलेल्या यीस्टचा तो नसलेल्या यीस्टशी संकर केला, तर जवळजवळ सर्व संततीत ओमेगा उतरतो. १९८५ मध्ये जाकिए व द्युजों या फ्रेंच शास्त्रज्ञांनी यामागचे कारण दाखविले. ओमेगामध्ये एका विकराची कृती लिहिलेली असते. हे विकर इंट्रॉन नसलेले जनुक नेमक्या जागी कापते. पेशी ही चीर दुरुस्त करताना शेजारच्या जनुकावरून नक्कल करते आणि त्या नकलेबरोबर इंट्रॉनही येतो. संकराच्या वेळी दोन्ही यीस्टच्या तंतुकणिका एकत्र येतात, म्हणून त्याला हे साधते. आपल्याकडे तंतुकणिका फक्त आईकडून येतात. बिऱ्हाडकरूला नवे घर मिळणेच कठीण.

आता औषधाकडे येऊ. १९७७ मध्ये जर्मनीत, पाइनच्या शंकूंवर उगवणाऱ्या एका लहान अळिंबीतून 'स्ट्रोबिल्युरिन' हे द्रव्य वेगळे करण्यात आले. ते इतर बुरशींच्या सायटोक्रोम बी या प्रथिनाला चिकटून त्यांचे श्वसन थांबविते. याच धर्तीवर बनविलेली औषधे १९९६ पासून बाजारात आली. १९९८ मध्येच उत्तर जर्मनीत गव्हावरची भुरी त्यांना दाद देईनाशी झाली. पाठोपाठ मध्य अमेरिकेतील केळीवरचा काळा सिगाटोकाही. सायटोक्रोम बीचे जनुक तंतुकणिकेत असते. त्यातले एकच अक्षर बदलले, १४३व्या जागी ग्लायसीनऐवजी अॅलनीन आले, आणि औषधाला चिकटायला जागा उरली नाही.

मात्र त्याच गव्हावरच्या तांबेऱ्याला ही युक्ती साधली नाही! तांबेऱ्याच्या या जनुकात १४३व्या जागेला अगदी लागूनच एक इंट्रॉन बसलेला आहे. तेथले अक्षर बदलले, तर इंट्रॉन नीट कापला जात नाही, सायटोक्रोम बी तयार होत नाही आणि बुरशी मरते. टोमॅटो-बटाट्यावर लवकर येणारा करपा पाडणाऱ्या अल्टरनेरियातही हा इंट्रॉन आहे. तिने दुसऱ्या जागी बदल करून पाहिला, पण त्याने औषधाचा जोर थोडाफारच कमी झाला. न जाणो किती काळापूर्वी घुसलेल्या बिऱ्हाडकरूने आज घरमालकाची वाट अडविली आहे, आणि त्याचा फायदा शेतकऱ्याला होतो आहे.

केळीच्या काळ्या करप्याला अशी अडचण नव्हती, म्हणून तो सुटला. एकच औषध पुन्हा पुन्हा फवारू नका, वेगळ्या गटाचे औषध आलटून पालटून वापरा, या सल्ल्यामागचे कारण हेच. बुरशीच्या कोट्यवधी बीजाणूंत एखादे अक्षर बदललेला बीजाणू असू शकतो. तेच ते औषध मारल्याने बाकीचे मरतात आणि रान त्याला मोकळे मिळते.

'तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र' हे वाक्य आपण दरवर्षी फळ्यावर लिहितो. पुढच्या वेळी विद्यार्थ्यांना कृषी सेवा केंद्रात जाऊन औषधांच्या लेबलवरील घटकांची नावे वाचायला सांगा (रिकाम्या बाटल्या मात्र हाताळू देऊ नका). ज्या नावाच्या शेवटी 'स्ट्रोबिन' आहे, ते औषध याच ऊर्जाकेंद्रावर घाव घालते. तो घाव कोणत्या बुरशीवर टिकेल आणि कोणत्या बुरशीवर वाया जाईल, हे मात्र त्या बुरशीच्या घरात पूर्वी कोण राहायला आले यावर अवलंबून असते.