सोबत्याची गोष्ट

बर्फावरच्या हॉकीत प्रत्येक संघाचे सहा खेळाडू असतात. खेळणाऱ्याचे हात मात्र दोनच. उरलेल्या पाचांचे काय करायचे, हा प्रश्न या खेळाच्या व्हिडिओ गेम्सना आरंभापासून सोडवावा लागला. अ‍ॅक्टिव्हिजनने १९८१ साली अटारीसाठी काढलेल्या 'आइस हॉकी'ने तो प्रश्नच लहान केला : प्रत्येक बाजूला दोनच खेळाडू. निन्टेंडोच्या १९८८ च्या खेळात सोबती वाढले. सडपातळ, मध्यम आणि लठ्ठ अशा देहयष्टीही त्यांना मिळाल्या. त्यांचा स्वभाव मात्र देहापुरताच होता. ई. एम. फॉर्स्टर ज्यांना सपाट पात्रे म्हणतो, त्यांच्याच जातकुळीतले हे सोबती.

१९९३ साली आलेल्या 'एनएचएल ९४' मध्ये आलेला पास न थांबवता थेट गोलकडे फटकावण्याची सोय झाली आणि संगणकाच्या ताब्यातल्या सोबत्याने नेमक्या जागी असण्याला मोल आले. तरीही चकती पोचताच त्याचा ताबा आपल्याकडेच येई. सर्वज्ञ निवेदकाने एका पात्राच्या मनातून दुसऱ्याच्या मनात शिरावे तसा.

२००८ च्या 'एनएचएल ०९' मधील 'बी अ प्रो' या प्रकाराने ही सर्वज्ञता काढून घेतली. तिथे आपण शेवटपर्यंत एकच खेळाडू. मोकळी जागा गाठायची आणि पासची वाट पाहायची. सोबती मूर्ख आहे ही तक्रार खऱ्या अर्थाने इथे सुरू होते, कारण आता त्याची चूक आपली उरत नाही. ती त्याची होते, आणि सपाट पात्राला प्रथमच थोडी खोली येते.