चेऊलकर आणि पाटेकर: किनाऱ्याच्या नावावरची बक्षिसं

इतिहासाच्या व्याख्यानमालेत सिनेमाच्या बक्षिसांवर बोलायचं म्हटल्यावर काहींच्या भुवया वर गेल्या असतील. असू द्या. किल्ले, आरमार, सिद्दी, आंग्रे यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. पण पुरस्कारांची यादी हाही एक दस्तऐवजच असतो. त्यात कुणाचं नाव आलं, कोणत्या रकान्यात आलं आणि ते कसं लिहिलं गेलं, एवढं नीट पाहिलं तरी त्या काळाबद्दल बरंच कळतं. आणि आपल्या रायगडच्या किनाऱ्यापुरतं सांगायचं तर या यादीत एक माणूस आपला असूनही आपल्याला सापडत नाही. कारण साधं आहे. त्याचं आडनाव पडद्यावर रुळलंच नाही.

आजच्या बोलण्यासाठी म्हणून आम्ही दोन चित्रपट पुन्हा पाहिले. एक १९५४चा ‘बूट पॉलिश’ आणि दुसरा १९८९चा ‘परिंदा’. पहिल्यातला जॉन चाचा म्हणजे डेव्हिड. दुसऱ्यातला अण्णा म्हणजे नाना पाटेकर. दोघांनाही या भूमिकांसाठी सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. नाना मुरुड-जंजिऱ्याचे हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगेल. डेव्हिड यांचं पूर्ण नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. ते आहे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे आपलं चौल. आता डोळ्यांसमोर रस्ता आणा. चौलहून रेवदंडा, खाडीवरचा पूल, मग कोर्लई, काशीद, नांदगाव, की आलं मुरुड. दोघांच्या नावांमागच्या गावांत अंतर एवढंच.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. चेऊलकर आडनाव आहे म्हणजे माणूस चौलात जन्मला, वाढला, असं होत नाही. आडनाव घराण्याचं मूळ सांगतं, जन्मदाखला देत नाही. डेव्हिड बेने इस्रायली. मराठी बोलणारा हा ज्यू समाज आपल्या किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिला. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. नवगावला त्यांचं स्मारक आहे, अलिबागेत इस्रायल आळी आहे. आणि बाकीच्या कोकणी माणसांसारखीच त्यांनी गावांवरून आडनावं घेतली: किहीमचे किहीमकर, नागावचे नागावकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर. पुढे ही घराणी मुंबई-ठाण्याकडे सरकली, कुणी पलटणीत गेलं, कुणी कचेरीत, १९४८नंतर बरीचशी इस्रायलला गेली. गाव मागे राहिलं, आडनाव बरोबर गेलं.

पेणकर म्हटल्यावर जरा थांबायलाच हवं. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. हिंदुस्थानातला पहिला बोलपट. दिग्दर्शक अर्देशीर इराणी, हे सगळे सांगतात. ज्याच्या नाटकावर तो बेतला तो लेखक म्हणजे जोसेफ डेव्हिड, पारशी रंगभूमीवरचा मुरलेला नाटककार. त्याचंही आडनाव पेणकर. आपण पेणचं नाव गणपतीच्या मूर्तींसाठी घेतो, ते रास्तच आहे. पण आपल्या बोलपटांचं पहिलं वाक्य ज्या हातानं लिहिलं तो हात पेणकर घराण्यातला होता, हेही ठाऊक असलेलं बरं. तेव्हा बक्षिसं नव्हती, त्यामुळे यादीत नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. आज तर ‘आलम आरा’ची प्रतसुद्धा शिल्लक नाही.

आता बक्षिसांकडे येऊ. फिल्मफेअरचा पहिला समारंभ मार्च १९५४मध्ये मुंबईत झाला. त्या वर्षी बक्षिसं पाचच होती: चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि संगीतकार. म्हणजे अभिनयाला दोनच जागा, आणि त्या दोन्ही नायक-नायिकेच्या. ‘दाग’साठी दिलीपकुमार, ‘बैजू बावरा’साठी मीनाकुमारी. यात वावगं काही नाही. पण सिनेमा काय दोन माणसांवर चालतो का? बाप, मामा, शेजारी, खलनायक, तुरुंगातला म्हातारा, यांच्याशिवाय गोष्ट हलतच नाही. पुढच्याच वर्षी, १९५५मध्ये, सहायक नट आणि सहायक नटी हे दोन रकाने वाढले. त्यातलं पहिलं नाव डेव्हिड, ‘बूट पॉलिश’साठी. आणि सहायक नटीचं पहिलं नाव उषा किरण, ‘बादबान’साठी. उषा किरण म्हणजे वसईच्या उषा मराठे. म्हणजे हिंदी सिनेमातल्या या दोन नव्या रकान्यांच्या अगदी पहिल्या ओळीत दोन्ही माणसं मराठी बोलणारी आहेत, आणि दोघांच्याही नावातून आडनाव गळालेलं आहे.

ही गळती अपघातानं झाली असं आम्हाला वाटत नाही. त्या काळी पडद्यावरची नावं मुद्दामच सुटसुटीत, गाव-जात-प्रांत न सांगणारी ठेवत. युसुफ खानांचे दिलीपकुमार झाले ते सगळ्यांना पाठ आहे. डेव्हिड यांच्या बाबतीत वेगळंच घडलं. नाव बदललं नाही, फक्त शेपूट कापलं. आणि ‘डेव्हिड’ एवढंच उरल्यावर प्रेक्षकानं त्यांना सरळ गोव्याचा किंवा वांद्र्याचा ख्रिश्चन धरून टाकलं! भूमिकाही तशाच मिळत गेल्या. जॉन चाचा घ्या, ‘बातों बातों में’मधले टॉम अंकल घ्या. त्यामुळे समज पक्काच झाला.

‘बूट पॉलिश’ आज पाहताना काय वाटतं? खरं सांगायचं तर चित्रपट थोडा भाबडा आहे. भोला आणि बेलू ही पोरकी भावंडं, त्यांना भीक मागायला लावणारी काकू, आणि हात पसरू नका, हातानं काम करा म्हणून शिकवणारा, स्वतः चोरटी दारू विकणारा जॉन चाचा. शेवट तर चक्क गोड करून टाकलेला. पण डेव्हिड भाबडे नाहीत. उपदेश करणारा माणूस स्वतः धुतल्या तांदळाचा नाही, हे ते एकदाही विसरत नाहीत आणि आपल्यालाही विसरू देत नाहीत. तुरुंगातलं ते पावसाला बोलावणारं गाणं बघा. टकलू कैद्यांची थट्टा चाललेली, डेव्हिड त्यात रंगलेले, आपण हसतो. मग खरोखरच पाऊस येतो आणि बाहेर रस्त्यावर त्या पोरांचा बूट पॉलिशचा धंदा बसतो, उपासमार सुरू होते. हसू घशात अडकवणारी ही जोडणी अजून जुनी झालेली नाही. बेलू झालेल्या बेबी नाझचं तर काननेही कौतुक केलं. आमच्या मते ते बक्षीस योग्य हातात गेलं. ठेंगणा, टक्कल पडलेला, नायकाच्या कुठल्याच मापात न बसणारा माणूस चित्रपट खांद्यावर घेऊन जातो, आणि त्याला द्यायला आदल्या वर्षापर्यंत रकानाच नव्हता.

हे बक्षीस कोण ठरवत होतं, तेही पाहायला हवं. फिल्मफेअर हे इंग्रजी पाक्षिक, आणि मतं त्याच्या वाचकांची. म्हणजे जत्रेतल्या तंबूत बसून सिनेमा पाहणाऱ्या आपल्या माणसाला त्यात मत नव्हतं. सरकारी पुरस्कार त्याच सुमारास सुरू झाले, पण ते परीक्षक मंडळाचे. १९५३च्या चित्रपटांसाठीचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं, हा आपल्या अभिमानाचा विषय. मात्र सरकारी यादीत नटाला जागा व्हायला १९६७च्या चित्रपटांपर्यंत थांबावं लागलं, आणि सहायक नटाला तर १९८४च्या. फिल्मफेअरनं १९५५मध्ये जो रकाना उघडला तो दिल्लीत उघडायला तीस वर्षं गेली. तिथल्या पहिल्या सहायक अभिनेत्री कोण, तर ‘पार्टी’साठी रोहिणी हट्टंगडी. पुन्हा मराठी. आणि अलीकडची नोंद सांगायची तर २०१५च्या ‘बाजीराव मस्तानी’साठी हाच राष्ट्रीय पुरस्कार तन्वी आझमींना मिळाला. त्या उषा किरण यांच्या कन्या.

नाना पाटेकर जन्मले १ जानेवारी १९५१ला. तेव्हा जिल्हा कुलाबा होता, ‘रायगड’ तो व्हायचा होता, आणि सिद्दींचं जंजिरा संस्थान विलीन होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. मुंबईत जे. जे.मध्ये उपयोजित कलेचं शिक्षण, मग रंगभूमी. जयवंत दळवींच्या ‘पुरुष’मधला त्यांचा गुलाबराव ज्यांनी पाहिला त्यांना ‘परिंदा’तल्या अण्णानं फारसा धक्का दिला नसेल. बाकी देशाला दिला. तोवरचा हिंदी खलनायक अड्ड्यात बसायचा, गडगडाटी हसायचा. अण्णा ओरडत नाही. तो हिशोब केल्यासारखा बोलतो, आणि आग दिसली की लहान पोरासारखा कोलमडतो. भीती वाटणारा माणूस किती भीतिदायक असू शकतो, हे त्या भूमिकेत आहे. चित्रपट म्हणून ‘परिंदा’ काही जागी फार सजवलेला वाटतो, विशेषतः कबुतरखान्यातला प्रसंग. पण अण्णा पडद्यावर आला की ती सजावट आपोआप गळून पडते. त्याला फिल्मफेअर मिळालं आणि राष्ट्रीय पुरस्कारही, दोन्ही सहायक अभिनेत्याचे. पुढे ‘अंगार’साठी खलनायकाचं फिल्मफेअर, ‘क्रांतिवीर’साठी मुख्य नटाचे दोन्ही पुरस्कार, ‘अग्निसाक्षी’साठी पुन्हा राष्ट्रीय सहायक.

आमचं मत विचाराल तर ‘क्रांतिवीर’पेक्षा ‘परिंदा’चं काम मोठं आहे. ‘क्रांतिवीर’मध्ये नाना भाषण करतात, आणि ते जोरदार करतात, यात शंका नाही. पण बक्षिसाच्या उतरंडीत सहायक खाली आणि मुख्य वर, म्हणून आपणही ‘क्रांतिवीर’ला वर धरतो. ही उतरंड रकान्यांची आहे, अभिनयाची नव्हे.

डेव्हिड यांना ती वरची पायरी कधी मिळाली नाही. १९६९मध्ये पद्मश्री मिळाली. नानांना ती २०१३मध्ये. पण गंमत अशी की त्यांच्या काळात फिल्मफेअरच्या रात्री माइकवर निवेदन करायला अनेकदा डेव्हिडच असत. दुसऱ्यांची नावं पुकारणारा आवाज त्यांचा. ‘गोलमाल’मध्ये अमोल पालेकरला मिशी, कुर्ता नि नोकरीचा सल्ला देणारे डॉक्टर केदारमामा आठवा. त्या चित्रपटासाठी पालेकरांना नटाचं बक्षीस मिळालं, उत्पल दत्तना विनोदी नटाचं. केदारमामांना काही नाही. शेवटची वर्षं डेव्हिड कॅनडात होते, तिथंच ते गेले.

मागे एकदा आम्ही चौल-रेवदंड्याच्या बाजूला काही जुन्या मंडळींना विचारलं, ‘बूट पॉलिश’मधला डेव्हिड तुमच्या गावचा, ठाऊक आहे का? बहुतेकांना चेहरा लगेच आठवला, गाव ऐकून आश्चर्य वाटलं. एका आजोबांनी मात्र शांतपणे विचारलं, ‘मग चौलकर का नाही म्हणत त्याला?’

आता श्रोत्यांकडे एक मागणं आहे. पूर्वी चित्रपटगृहात गाण्यांच्या छोट्या पुस्तिका विकत मिळायच्या, त्यात कलावंतांची नावं छापलेली असत. अलिबाग, रेवदंडा, पेण, मुरुड इथल्या जुन्या घरांत, माळ्यावरच्या ट्रंकांत अशा पुस्तिका, जाहिरातीचे कागद, तिकिटं असतील तर फेकू नका. आम्हाला नुसती पाहायला दिलीत तरी चालेल, फोटो काढून परत करू. १९४०-५०मधल्या एखाद्या पुस्तिकेत ‘डेव्हिड’च्या पुढे ‘चेऊलकर’ छापलेलं आहे का, एवढंच आधी शोधायचं आहे.