दमन आणि वळण : ‘रोझलिन ए ले लियाँ’ची पूर्वपीठिका

झाँ-झाक बेनेक्स (१९४६–२०२२) यांचा ‘रोझलिन ए ले लियाँ’ म्हणजे ‘रोझलिन आणि सिंह’ हा चित्रपट १९८९ साली प्रदर्शित झाला. मार्सेच्या प्राणिसंग्रहालयात सिंहांना शिकविण्याची विद्या घेणारे थिएरी व रोझलिन हे तरुण युगुल सर्कशीच्या शोधात भटकत अखेर म्युनिकला पोचते, एवढेच त्याचे कथासूत्र. त्याच वर्षी राफाएल बासाँ यांनी बेनेक्स, बेसाँ व काराक्स यांच्या चित्रपटांना ‘सिनेमा द्यू लुक’ या संज्ञेखाली एकत्र आणले. प्रतिमेचा झगमगाट आणि आशयाचे दारिद्र्य, असा आक्षेप या प्रवाहावर वारंवार घेतला गेला. मात्र पिंजऱ्यातील प्रेमकथेची परंपरा ध्यानी घेतली, की हा आक्षेप अपुरा ठरतो.

या परंपरेचा आरंभ स्वच्छंदतावादाच्या ऐन बहरात सापडतो. बाल्झॅकची ‘वाळवंटातील एक आसक्ती’ ही कथा १८३० साली प्रसिद्ध झाली. मार्तँ यांचा पशुमेळा पाहून बाहेर पडलेल्या दोन व्यक्तींच्या संभाषणातून ती उलगडते. इजिप्तच्या मोहिमेतील सैनिक आणि मादी बिबट्या यांच्यातील जवळीक तीत प्रेयसीच्या परिभाषेत वर्णिली आहे. गैरसमजातून तो तिला ठार करतो. कथेत उल्लेखिलेले मार्तँ काल्पनिक नव्हेत. मार्से येथे जन्मलेल्या आँरी मार्तँ यांनी १८३१ मध्ये पॅरिसच्या सर्क ओलँपिकमध्ये ‘म्हैसूरचे सिंह’ हे मूकनाट्य सादर केले. म्हैसूर हा सिंहांचा प्रदेश नव्हे. परंतु प्रेक्षकांना भूगोल नको होता, वश झालेला पूर्वदेश हवा होता. हिंस्र पशू, स्त्री आणि वसाहत ही तिन्ही रूपके येथे परस्परांत मिसळलेली दिसतात.

पशू वश करणाऱ्यास फ्रेंचमध्ये ‘दाँप्तर’ म्हणतात. या शब्दामागील लॅटिन धातू व आपल्या ‘दमन’ शब्दातील ‘दम्’ हा संस्कृत धातू एकाच कुळातील आहेत. त्याला समांतर ‘द्रेसर’ हा शब्द मात्र सरळ करणे, वळण लावणे या अर्थाकडे जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हॅम्बुर्गच्या कार्ल हागेनबेक यांनी मारहाणीऐवजी बक्षीस व सवय यांवर आधारलेल्या शिक्षणपद्धतीचा पुरस्कार केला. तरीही पिंजरा नाहीसा झाला नाही. सत्तेची भाषा तेवढी सौम्य झाली.

बेनेक्स यांचा चित्रपट नेमका या संधिरेषेवर उभा आहे. त्यात विजयापेक्षा सराव अधिक दिसतो : अंतर मोजणे, आवाज स्थिर ठेवणे, पशूची हालचाल आधी ओळखणे. इझाबेल पास्को व जेरार सँदोझ या कलावंतांनी भूमिकांसाठी थिएरी ल पोर्तिए या प्रत्यक्ष पशुशिक्षकाकडे अनेक महिने शिक्षण घेतले. त्यामुळे पडद्यावरील भय केवळ अभिनीत राहत नाही. नायकाला शिक्षकाचेच नाव मिळाले आहे. शीर्षकातून मात्र तो वगळला गेला आहे. ही अनुपस्थिती सूचक आहे. बाल्झॅककडे पुरुष कथन करतो व मादी मरते. येथे रोझलिन पिंजऱ्याची स्वामिनी होते, थिएरी दुय्यम ठरतो. पण प्रेक्षकांची नजर तिच्यावरही सिंहांइतकीच खिळते. म्हणजे दमनाचा कर्ता बदलला, रचना बदलली नाही. ज्या झगमगाटाला टीकाकार पोकळ म्हणतात, तोच ही रचना उघडी करतो.

३० नोव्हेंबर २०२१ च्या फ्रेंच कायद्यानुसार फिरत्या सर्कशींतील वन्य प्राण्यांच्या खेळांवर १ डिसेंबर २०२८ पासून बंदीची तरतूद आहे. भारतात सिंह-वाघांच्या अशा खेळांना १९९८ च्या अधिसूचनेने मनाई केली व २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. या निर्णयांची नैतिक बाजू निर्विवाद आहे. म्हणूनच हा चित्रपट आता दुहेरी दस्तऐवज ठरतो : एका कौशल्याचा आणि त्या कौशल्याची किंमत निमूटपणे मोजणाऱ्या पशूंचा. समीक्षेने यांपैकी पहिल्याचाच विचार केला, तर तीही तंबूतील प्रेक्षकांच्या रांगेत जाऊन बसेल.