५७ टक्के, मग ४५: मुंबईच्या रक्तातल्या अँटीबॉडी गेल्या कुठे?

आज इतिहास ऐकायचाय, पण फार मागे जायचं नाहीये. जुलै २०२० ची मुंबई. लोकल आपल्यासाठी बंद, रस्ते ओस, आणि रोज संध्याकाळी मोबाइलवर रुग्णांचे आकडे. त्यात महिनाअखेरीला एक वेगळाच आकडा आला आणि सगळे चाट पडले. झोपडपट्ट्यांमध्ये ज्यांचं रक्त तपासलं, त्यातल्या साधारण ५७ टक्के लोकांमध्ये कोरोनाच्या अँटीबॉडी सापडल्या. इमारतींमध्ये राहणाऱ्यांत हेच प्रमाण १६ टक्के होतं.

हा सेरो सर्व्हे मुंबई महापालिका, नीती आयोग आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून केला होता. माटुंगा, चेंबूर आणि दहिसर भागातले तीन वॉर्ड, जवळपास ७ हजार लोक. तेव्हा अख्ख्या मुंबईत नोंदलेले रुग्ण होते लाखाच्या थोडे वर. म्हणजे कितीतरी लोकांना कोरोना होऊन गेला आणि कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसं आणि संडास सार्वजनिक; तिथे अंतर ठेवणार कसं?

लगेच 'हर्ड इम्युनिटी'ची चर्चा सुरू झाली. आता झोपडपट्ट्या सुटल्या, असं लोक बोलायला लागले. आणि मग ऑगस्टमध्ये त्याच तीन वॉर्डांत दुसरी फेरी झाली. झोपडपट्ट्यांचा आकडा आला साधारण ४५ टक्के.

आता गंमत बघा. आजार पसरत होता, तर आकडा वाढायला हवा. ज्याला एकदा होऊन गेला, त्याचं 'होऊन गेला' हे पुसलं कसं जाईल? दुसऱ्या फेरीत तपासलेले लोक वेगळे होते, त्यामुळे थोडा फरक पडणारच. पण एक कारण रक्तातच होतं.

विषाणू शरीरात शिरला की अँटीबॉडी काही त्याच दिवशी तयार होत नाहीत. लक्षणं दिसल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांत त्या तपासणीत दिसण्याइतक्या वाढतात. आयजीएम नावाचा प्रकार काही आठवड्यांत ओसरतो, आयजीजी जास्त टिकतो. पण आयजीजीचाही एकेक रेणू काही अमर नसतो. रक्तातला निम्मा साठा साधारण तीन आठवड्यांत संपतो. संसर्गाच्या वेळी शरीर घाईघाईत ज्या पेशी कामाला लावतं, त्या भरपूर अँटीबॉडी ओततात आणि थोड्याच दिवसांत मरतात. म्हणून पातळी आधी झपकन चढते, मग उतरते. यात बिघाड काहीच नाही. प्रत्येक जुन्या तापाच्या अँटीबॉडी त्याच प्रमाणात साठत गेल्या असत्या, तर आपलं रक्त पिठल्यासारखं घट्ट झालं असतं!

चीनमधल्या चोंगचिंगचा एक अभ्यास जून २०२० मध्ये आला होता. लक्षणं नसलेल्या ३७ लोकांपैकी सुमारे ४० टक्के लोक दोन-तीन महिन्यांत आयजीजी तपासणीत निगेटिव्ह झाले. लक्षणं असलेल्यांत हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास होतं. आता मुंबईच्या झोपडपट्ट्यांकडे परत या. तिथे बहुतेकांना लक्षणं नव्हती किंवा किरकोळ होती. शिवाय सर्व्हेतली चाचणी विषाणूच्या आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी शोधायची, आणि त्या विशिष्ट चाचणीचा सिग्नल लवकर खाली येतो, हे पुढे दिसून आलं. दुसरं किट वापरलं असतं, तर आकडा कदाचित वेगळा आला असता.

पण २०२० मध्ये जगभर मथळा एकच होता: इम्युनिटी दोन महिन्यांत संपते. त्याच वर्षी चिलीसारख्या देशात बऱ्या झालेल्यांना प्रमाणपत्र द्यायची योजना निघाली होती. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिलमध्येच त्याला पुरावा नाही म्हणून सांगितलं. मला विचाराल तर दोन्हीकडे चूक एकच. अँटीबॉडीला लोक दिव्याचं बटण समजत होते, चालू किंवा बंद.

खरी बातमी मे २०२१ मध्ये आली, आणि ती गाजली मात्र कमी. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या शास्त्रज्ञांनी बऱ्या झालेल्या लोकांच्या हाडातला मगज तपासला. पहिल्या चार महिन्यांत अँटीबॉडी भराभर उतरल्या होत्या, पण नंतर उतार मंद झाला होता. आणि सात महिन्यांनी १९ पैकी १५ जणांच्या मगजात अशा पेशी सापडल्या, ज्या शांतपणे थोड्याथोड्या अँटीबॉडी बनवत बसल्या होत्या.

हाच चढ-उतार प्लाझ्माच्या गोष्टीतही आहे. एप्रिल २०२१ आठवतोय? प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर 'प्लाझ्मा डोनर हवाय'. महाराष्ट्राने तर जून २०२० मध्येच 'प्लाटिना' नावाने मोठी चाचणी सुरू केली होती. पण आयसीएमआरच्या ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांच्या अभ्यासात प्लाझ्मामुळे मृत्यू कमी झाले नाहीत. बऱ्याच दात्यांच्या प्लाझ्मात विषाणूला निष्प्रभ करणाऱ्या अँटीबॉडीच मुळात कमी होत्या. तरी त्या उन्हाळ्यात लोक वणवण फिरत राहिले, ज्यांना कुणी हे सांगितलंच नव्हतं. मे २०२१ मध्ये प्लाझ्मा उपचार राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमधून काढला गेला.

मुंबईचं पुढे काय झालं? मार्च २०२१ च्या सर्व्हेत झोपडपट्ट्यांमध्ये ४१.६ टक्के, इमारतींमध्ये २८.५ टक्के. नमुने गोळा करायची पद्धत वेगळी होती, म्हणून आधीच्या आकड्यांशी थेट तुलना जपूनच करायची. पण दुसरी लाट सुरू झाली, तेव्हा महापालिकेच्या नोंदीत बहुतेक रुग्ण इमारतींमधले होते. झोपडपट्ट्यांचा आकडा ५७ वरून घसरला होता, तरी लाटेचा पहिला तडाखा तिथे बसला नाही. ऑगस्ट-सप्टेंबर २०२१ मध्ये, लसीकरण सुरू झाल्यावर, मुंबईचा आकडा ८६.६४ टक्क्यांवर पोचला.