१२३४५६७८९८७६५४३२१

मजकुरात आलेली ही सतरा आकडी संख्या छापखान्याची चूक नव्हे. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या 'डेम्लो' संख्यांपैकी ही सर्वांत देखणी. डोंबिवली स्टेशनाचे त्या काळचे नाव डेम्लो. ही कल्पना सुचली तीही तिथेच, म्हणून बारसे स्टेशनाच्या नावाने झाले. कापरेकरांच्या स्वभावाला हे शोभूनच दिसते.

संख्या उलटसुलट सारखीच वाचता येते आणि ती पूर्ण वर्गही आहे : १११११११११ × १११११११११. गुणाकार पाटीवर मांडून पाहावा. नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या रकान्यात एक १, दुसऱ्यात दोन, मधल्या रकान्यात नऊ. पुढे पुन्हा एकेक कमी. कुठेच हातचा नाही, म्हणून बेरजा जशाच्या तशा उतरतात. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे विस्कटते.

तिचे मूळ अवयव तीनच : ३, ३७ आणि ३३३६६७. पहिल्याचा चौथा घात, उरलेल्या दोघांचे वर्ग.

अंकांची बेरीज ८१, म्हणजे तोही वर्गच. या ८१ ने मूळ संख्येला गुणले, तर मिळतो थेट ९९९९९९९९९ चा वर्ग. कापरेकरांची ६१७४ ही संख्या अधिक गाजली, तिच्याविषयी पुढील प्रकरणात.