हौशी कुंभार आणि भोगवर्धनच्या मूर्ती

पोटासाठी मडकी घडविणाऱ्या कुंभाराची हकीकत इतिहासकारांनी पुष्कळ सांगितली आहे; केवळ हौसेखातर मातीत हात घालणाऱ्याकडे मात्र त्यांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः ही हौस आपल्याकडे नवी नव्हे. पोळ्याचे मातीचे बैल, भातुकलीची चूल व बोळकी, घरच्या घरी घडविलेला शाडूचा गणपती हे सारे तिचेच प्रकार होत.

आम्हीही सुटीच्या दिवशी चाकावर बसतो. अर्धी सकाळ मातीतील खडे वेचण्यात आणि ती तुडविण्यात जाते. मग गोळा चाकाच्या मध्यावर आणावयाचा. तो आला नाही तर हातांस सारखे हिसके बसतात. आला की चाक गरगर फिरत असूनही माती हाताखाली स्थिर भासते. त्या क्षणासाठी आम्ही घरच्यांची थट्टा आनंदाने सोसतो. पुढे भांडे बहुधा वाकडेच होते, ही गोष्ट निराळी!

या छंदाने जुन्या वस्तूंकडे पाहण्याची आमची दृष्टी पालटली. जालना जिल्ह्यात केळणा नदीच्या काठी वसलेले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपास दान देणाऱ्यांत या नगरीच्या रहिवाशांचे लेख आहेत. तेथे झालेल्या उत्खननाचा शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी लिहिलेला वृत्तांत १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा मोठा बोलबाला झाला. कारण तिच्याशी जवळचे साम्य असलेली मूर्ती पाँपेई येथे १९३८ साली सापडली होती, आणि ते शहर तर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. विद्वानांनी त्यावरून व्यापाराचे धागे जुळविले, ते योग्यच झाले. परंतु आमचे मन गुंतले ते सातवाहनकाळच्या मातीच्या मूर्तींत.

शाडूसारख्या पांढऱ्या मातीच्या अशा मूर्ती भोकरदनप्रमाणेच पैठणला व तेरलाही मिळाल्या आहेत. तेरच्या मूर्ती रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेल्या संग्रहात पाहावयास मिळतात. त्यांतील पुष्कळ दुहेरी साच्याच्या आहेत. पुढचा एक व मागचा एक असे दोन साचे घ्यावयाचे, प्रत्येकात मातीचा पातळ थर बोटांनी दाबून बसवावयाचा आणि दोन्ही अर्धी एकमेकांस जोडावयाची. मूर्ती आतून पोकळ राहते. माती वाचते, आणि भरीव मूर्ती भाजताना तडकण्याचे जे भय असते तेही बरेच कमी होते. बाहेरून मुखावर स्मित, कानांत कुंडले, केसांची डौलदार रचना. आत मात्र नुसते बोटांचे दाब.

हौस आणि व्यवसाय यांतील अंतर आम्हांस येथे उमगले. मूळ आकृती घडवून तिचा साचा करणे हे एकदाच व्हावयाचे काम, आणि हौशी माणसाचा सारा जीव त्यातच असतो. साच्यात शंभराव्या वेळी तितक्याच काळजीने माती दाबणे हे ज्याचे पोट त्यावर आहे त्याचेच काम. कलेची वाखाणणी करताना आपण पहिल्याचे नाव घेतो, आणि ज्याच्या हातून वस्तू घरोघर पोचली त्यास मजूर म्हणून सोडून देतो. हा अन्याय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत आम्हांस पुस्तकातून मिळाले नाही. एका वर्षी पोळ्यासाठी आम्ही बैलाचा दुहेरी साचा केला. पहिला बैल निघाला तेव्हा घरात सर्वांस बोलावून दाखविला. तिसऱ्याच्या वेळी सांधा नीट बसेना, चौथ्याला कंटाळा आला, आणि पुढचे दोन केवळ नातवंडांच्या आग्रहास्तव झाले. पोळ्याच्या दिवशी पाटावर पाचच बैल बसले. सहाव्याचे शिंग सांधा तासताना मोडले होते.